अवघड जागेचे लक्षण : महाड-पोलादपूर परिसरातील विंचूदंश आणि शिश्नविषयक तातडीच्या अवस्था

प्रस्तावना

‘अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण आपण विनोदाने वापरतो. परंतु तिच्यात एक वैद्यकीय वस्तुस्थिती दडलेली आहे. शरीराच्या ज्या भागाविषयी बोलण्याची सोय समाजात नसते, त्या भागाचे दुखणे उशिरा उघड होते आणि उशिरा उघड झालेले दुखणे बरे करणे कठीण होते. शिश्नाच्या बाबतीत हा उशीर तासांत मोजावा लागतो. शिश्नभंग आणि दीर्घकाळ न उतरणारी ताठरता, म्हणजेच प्रायॅपिझम, या दोन्ही अवस्था मूत्ररोगशास्त्रात तातडीच्या मानल्या जातात. दोहोंत रुग्ण बहुधा एकच चूक करतो; तो सकाळ होण्याची वाट पाहतो.

प्रस्तुत लेखाचा विषय या दोन अवस्थांचे निदान व उपचार हा आहे. तथापि विवेचनाचा केंद्रबिंदू रायगड जिल्ह्याच्या महाड आणि पोलादपूर या अंतर्भागातील तालुक्यांत ठेवला आहे, आणि त्यास सबळ कारण आहे. याच परिसरात एका ग्रामीण डॉक्टरने पुरुष रुग्णाच्या लपविल्या जाणाऱ्या या लक्षणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहिले, त्याची नोंद केली आणि लाल विंचवाच्या दंशातील येऊ घातलेल्या प्राणसंकटाची पूर्वसूचना म्हणून ते जगापुढे मांडले. प्रस्तुत लेखक वैद्यक शाखेचा नसून प्राणिशास्त्राचा अध्यापक आहे. त्यामुळे पुढील विवेचन उपचाराची मार्गदर्शिका म्हणून नव्हे, तर सुशिक्षित अध्यापकास अवगत असावी अशी माहिती म्हणून वाचावे.

रचना आणि कार्य

शिश्नाच्या आत स्पंजासारख्या ऊतीचे दोन दंडगोल शेजारी शेजारी असतात व त्यांच्याखाली मूत्रमार्गाला वेढणारा तिसरा भाग असतो. दोन्ही दंडगोलांभोवती ट्युनिका अल्ब्युजिनिया नावाचे चिवट तंतुमय आवरण असते. कुत्रा, वटवाघूळ, बहुतेक वानरवर्गीय प्राणी यांच्या शिश्नात प्रत्यक्ष हाड असते. मनुष्यात ते नाही. मनुष्यातील ताठरता ही सर्वस्वी रक्तदाबाची किमया होय.

त्रिकास्थीच्या पातळीवरून निघणाऱ्या परानुकंपी चेतातंतूंचा संदेश आला की नायट्रिक ऑक्साइड स्रवते, स्पंजातील मृदुस्नायू सैल पडतात, धमन्यांतून रक्त आत येते आणि फुगलेला स्पंज आवरणाखालच्या बारीक शिरांना दाबून परतीची वाट बंद करतो. अनुकंपी चेतासंस्था अल्फा ग्राहकांच्या द्वारे हेच स्नायू पुन्हा आकुंचित करते व ताठरता उतरते. एक संस्था चढविते, दुसरी उतरविते, हे सूत्र वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढील विवेचनाचा सर्व पेच त्यातच आहे.

शिश्नभंग

शिथिल अवस्थेत सुमारे दोन मिलिमीटर जाड असलेले उपर्युक्त आवरण ताठर अवस्थेत ताणून अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ होते. अशा वेळी शिश्न एकाएकी वाकले तर आवरण फाटते. हाड नसतानाही ‘भंग’ हा शब्द रूढ झाला, कारण रुग्ण जे सांगतो ते हाड मोडल्यासारखेच असते : ‘कट्’ असा आवाज, तीव्र कळ, ताठरता तत्क्षणी नाहीशी होणे आणि पाहता पाहता चढणारी काळीनिळी सूज. शस्त्रक्रियेच्या इंग्रजी ग्रंथांत या सुजेला वांग्याची उपमा दिलेली आहे आणि भरताचे वांगे पाहिलेल्या कोणालाही ती पटावी. संभोगातील अपघात हे याचे सर्वांत परिचित कारण होय. झोपेत कुशीवर वळताना किंवा ताठरता हाताने जबरदस्तीने दाबतानाही आवरण फाटू शकते. इराणमधील कर्मानशाह भागात हाताने वाकविण्याच्या सवयीमुळे असे रुग्ण मोठ्या संख्येने आढळल्याचे तेथील शल्यचिकित्सकांनी नोंदविले आहे.

निदान मुख्यतः हकिगतीवरून आणि तपासणीवरून होते. आवाज, वेदना, ताठरतेचा तत्काळ लोप आणि सूज ही चार लक्षणे एकत्र असली तर अन्य चाचण्यांची फारशी गरज उरत नाही. संशय राहिल्यास सोनोग्राफी किंवा एमआरआयने फाटलेली जागा दिसू शकते. मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्त दिसणे किंवा लघवी अडणे हे मूत्रमार्गही फाटल्याचे चिन्ह असू शकते आणि त्याचा स्वतंत्र शोध घ्यावा लागतो. उपचार शस्त्रक्रिया हाच होय. साकळलेले रक्त काढून आवरण विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवतात, मूत्रमार्ग फाटला असल्यास तोही शिवून नळी ठेवतात. ही दुरुस्ती शक्यतो पहिल्या चोवीस तासांत झाली तर बहुतेक रुग्ण पूर्ववत होतात. बर्फ, पट्टी व वेदनाशामके यांवर विसंबून राहिल्यास पुढे शिश्नाला कायमचा बाक, गाठ किंवा ताठरतेचा अभाव राहण्याची शक्यता बरीच वाढते.

येथे भूगोलाचा प्रश्न उपस्थित होतो. मूत्ररोगतज्ज्ञ प्रायः मोठ्या शहरात असतो. महाडहून मुंबई सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, पुण्याकडे जायचे तर वाटेत सह्याद्रीचा घाट आणि पावसाळ्यात त्या घाटाचा भरवसा नसतो. रुग्णाने रात्र लाजेत घालविली आणि सकाळ चौकशीत गेली, तर चोवीस तासांतील निम्मे तास प्रवासापूर्वीच संपतात. रुग्णाला ‘हे कसे झाले’ याचा जाब द्यावा लागू नये एवढी काळजी पहिल्या डॉक्टरने घेतली तरी मोठे काम होते. कारण कोणतेही असो, शिवायची जागा तीच असते.

बिरवाडी ते पोलादपूर

डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातील. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झाल्यावर १९७६ साली ते महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण तेथे वारंवार येत. कोकणच्या या पट्ट्यात लाल विंचू मुबलक. जांभ्या दगडाच्या सांधीत, रचलेल्या लाकडांखाली, भाताच्या पेंढ्यात, कोपऱ्यात ठेवलेल्या वहाणेत तो दडून राहतो. उन्हाळ्याच्या अखेरीस शेतीची पूर्वतयारी सुरू झाली आणि पावसानंतर कापणी-मळणीला हात लागले की दंश वाढतात. इंगळी या नावाने ओळखला जाणारा मोठा काळा विंचू दिसायला भीतिदायक, पण जिवावर क्वचितच उठणारा. लहान, तांबूस विंचू मात्र धडधाकट माणसाला एका रात्रीत नेऊ शकतो. आकारावरून धोका ठरविण्याची आपली सवय येथे पार उलटी ठरते.

दंशाने मृत्यू होतो हे ठाऊक होते. फुप्फुसांत पाणी साचून रुग्ण दगावतो, हेही अगदीच अज्ञात नव्हते. १९६१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मुंडले यांचे त्यासंबंधीचे टिपण प्रसिद्ध झाले होते. तथापि कोणता रुग्ण त्या टोकाला जाणार आणि कोणता नुसत्या वेदनेवर सुटणार हे आधी कसे ओळखावे, याचे उत्तर हाताशी नव्हते. ॲट्रोपिन, स्टेरॉइड, ॲलर्जीविरोधी औषधे, गुंगीच्या औषधांचे मिश्रण असे नानाविध उपाय केले जात आणि रुग्ण दगावत.

बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशी बसून तासातासाला काय घडते ते लिहून ठेवावयास आरंभ केला. हृदयाचा आलेख सोडला तर या कामाला लागणारी साधने डोळे, हात आणि घड्याळ एवढीच होती. त्यातून एक क्रम दिसू लागला. पुढे ज्यांच्या हृदयावर परिणाम होतो, त्यांना आधी उलट्या होतात, दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात आणि पुरुष असेल तर शिश्न ताठ होते. दंशाच्या जागी असह्य आग होते आहे, पण घाम नाही, उलटी नाही, हातपाय उबदार आहेत, असा रुग्ण बहुधा सुटतो. उलट, वेदना सोसण्याजोगी असूनही अंग घामाने निथळणारा रुग्ण धोक्यात असतो. १९८२ साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी लाल विंचवाच्या दंशातील हृदयविषयक पूर्वसूचक लक्षणांसंबंधीचा हा लेख प्रसिद्ध केला आणि त्या लक्षणांत प्रायॅपिझमला स्पष्ट स्थान दिले.

या नोंदीचे मोल थोडे थांबून समजून घेतले पाहिजे. घाम व उलटी नातेवाईक आपणहून सांगतात. एकनाथांच्या विंचवावरील भारुडातही घामाचा उल्लेख येतोच. म्हणजे सोळाव्या शतकातही हे लक्षण लोकांस ठाऊक होते. ताठरता मात्र कोणीच सांगत नाही. विंचू उतरविणारा मांत्रिक ती पाहत नाही, आई पाहिली तरी बोलत नाही, रुग्ण घोंगडी ओढून घेतो. डॉक्टरने पांघरूण बाजूला सारून पाहिले तरच ती दिसते. घामाची कारणे अनेक असतात. उन्हाळ्यात कोकणात घाम येणे हे काही लक्षण नव्हे, भीतीनेही घाम फुटतो, उलटीही होते. परंतु भेदरलेल्या, वेदनेने तळमळणाऱ्या माणसाचे शिश्न भीतीने ताठ होत नाही, भीतीचा परिणाम नेमका उलट असतो. म्हणूनच विंचूदंशाच्या रुग्णात हे चिन्ह दिसले, तर विष अंगात भिनले आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. मूक, संकोचाने झाकलेले हे लक्षण बोलक्या लक्षणांहून अधिक विश्वसनीय ठरते ते यामुळे.

एक मर्यादा लगेच नमूद केली पाहिजे. स्त्री रुग्णांत हे चिन्ह नाही आणि पुरुषांतही ते प्रत्येकात दिसतेच असे नाही. चिन्ह असणे हा धोक्याचा इशारा होय. नसणे ही सुरक्षिततेची हमी नव्हे. घाम, उलटी आणि गार पडलेले हातपाय हे त्रिकूट सर्वांना समान आहे.

विषाची क्रिया

लाल विंचवाच्या विषात अनेक लहान प्रथिने असतात. त्यांतील काही चेतापेशींच्या पटलावरील सोडियम वाहिन्या मिटू देत नाहीत, तर काही पोटॅशियम वाहिन्या अडवितात; आयबेरिओटॉक्सिन हे प्रयोगशाळांतून जगभर वापरले जाणारे द्रव्य याच विंचवापासून मिळाले. वाहिन्या उघड्या राहिल्या की चेतातंतू थांबत नाहीत, संदेश पाठवीतच राहतात. परिणामी परानुकंपी आणि अनुकंपी या दोन्ही संस्थांचे वादळ उठते. आरंभी परानुकंपी संस्थेच्या खुणा ठळक असतात. लाळ, उलटी, ताठरता या त्यांतल्या. मागोमाग अनुकंपी संस्थेचा जोर चढतो, रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय बर्फासारखे होतात, रक्तदाब वाढतो, आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलताना हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी उतरते. ताठरता ही वादळाची पहिली झुळूक होय, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. ब्राझीलमधील फोन्युट्रिया जातीच्या कोळ्याच्या दंशातही हेच लक्षण दिसते व तेथेही सोडियम वाहिन्यांवर काम करणारे विषच त्यास कारणीभूत आहे.

कारण उमगल्यावर उपचाराची दिशा बदलली. हृदयाला चाबूक मारण्याऐवजी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल कराव्यात, हे सूत्र घेऊन १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात पोलादपूर येथे काम करताना बावस्करांनी प्रथम सोडियम नायट्रोप्रुसाइड शिरेतून देऊन पाहिले. त्याचा गुण आला; परंतु ते औषध थेंबाथेंबावर पहारा मागते व असा पहारा ग्रामीण दवाखान्यात नेहमी शक्य नसतो. मग अल्फा ग्राहक अडविणारी, तोंडाने घेण्याजोगी प्राझोसिनची गोळी पुढे आली. १९८६ साली तीविषयीचा लेख पुन्हा ‘लॅन्सेट’मध्येच आला. प्राझोसिनपूर्व काळात गंभीर रुग्णांपैकी पंचवीस ते तीस टक्के दगावत, नंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले, असे बावस्करांच्या लेखनात नोंदलेले आहे. पुढे विंचूदंशावरील प्रतिविष उपलब्ध झाले. डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाड येथील आपल्या रुग्णालयात ७० रुग्णांवर केलेली तुलना २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलने प्रसिद्ध केली. प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले; नुसते प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. बरे होण्यास लागलेला सरासरी वेळ अनुक्रमे ८ आणि १७.७ तास होता. डॉ. बावस्कर यांना २०२२ साली पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

एक चिन्ह, परस्परविरुद्ध उपचार

आता मूळ पेचाकडे वळू. न उतरणारी ताठरता घेऊन आलेल्या रुग्णासमोर मूत्ररोगतज्ज्ञ काय करतो? ताठरता चार तासांहून अधिक टिकली असेल तर तो सुईने शिश्नातील रक्त काढून त्यातील प्राणवायू मोजतो. रक्त काळे, प्राणवायूचा दाब ३० मिलिमीटरच्या खाली आणि आम्लता वाढलेली असेल, तर आतील ऊती गुदमरते आहे असा त्याचा अर्थ होतो. मग साचलेले रक्त काढून फेनिलेफ्रिनसारखे अल्फा ग्राहक उत्तेजित करणारे औषध अल्प प्रमाणात शिश्नातच टोचतात. अनुकंपी संस्थेचे काम औषधाकडून करून घ्यायचे, असा हा उपाय. विलंब झाल्यास हानी वाढत जाते आणि दीड दिवसाहून अधिक काळ लोटला, तर ताठरतेची क्षमता परत येण्याची आशा फारच थोडी राहते. सिकलसेल आजार असलेल्या तरुणांत ही अवस्था विशेष आढळते. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत आणि तेथून शिकावयास आलेल्या विद्यार्थ्यांत ही शक्यता ध्यानी ठेवावी लागते.

हाच उपाय विंचूदंशाच्या रुग्णावर केला तर? त्याच्या अंगात अल्फा उत्तेजन आधीच पराकोटीला गेलेले असते. त्यात उत्तेजक औषधाची भर घालणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. त्याला हवे असते ते अल्फा अडविणारे प्राझोसिन. आणि गंमत अशी की, प्राझोसिनच्या दुष्परिणामांची यादी कोणत्याही औषधकोशात उघडली, तर तीत क्वचित होणारा दुष्परिणाम म्हणून प्रायॅपिझम नोंदलेला सापडतो! म्हणजे जे औषध एरवी ताठरतेचे कारण ठरू शकते, तेच येथे ताठ शिश्न पाहून द्यावयाचे. शिश्नाकडेच पाहणाऱ्याला हे विपरीत वाटेल. हृदयाकडे पाहणाऱ्याला त्यात विसंगती दिसत नाही, कारण येथे शिश्न हा आजार नसून निरोप्या आहे. दंशातील ताठरता बहुधा अर्धवट असते, विषाचा जोर ओसरला की आपोआप उतरते आणि तिच्यासाठी स्थानिक उपचाराची सहसा गरज पडत नाही.

शिश्नभंगात मात्र सर्व काही उलट आहे. तेथे निरोप आणि आजार एकाच ठिकाणी असतात, शरीराच्या अन्य भागात काही शोधावयाचे नसते, लवकर शिवणे एवढाच मार्ग असतो. तीन अवस्थांत एकाच अवयवाकडे पाहून वैद्याने तीन वेगळे निर्णय घ्यावयाचे आणि तिन्हींत पहिला प्रश्न एकच : हे केव्हा सुरू झाले, आणि त्याआधी काय घडले?

प्राझोसिनविषयी एक सावधगिरी सांगणे भाग आहे. ही गोळी रक्तदाब एकदम उतरवू शकते, म्हणून रुग्णाला आडवेच ठेवावे लागते, उलटी-घामाने गेलेले पाणी भरून काढावे लागते आणि मुलांत मात्रा वजनावर मोजावी लागते. रक्तदाबाच्या रुग्णांसाठी बाजारात मिळणारी सावकाश विरघळणारी गोळी या कामाची नाही. हे सर्व डॉक्टरच्या देखरेखीचे काम आहे. घरात गोळी आणून ठेवण्याचा सल्ला प्रस्तुत लेखातून कोणी काढू नये.

अध्यापकांच्या संदर्भात

राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे आपण खेड्यांत नेतो. मुले शाळेच्या जमिनीवर झोपतात, दगड उचलून बांध घालतात, सकाळी न झटकलेल्या बुटात पाय घालतात. लाल विंचवाला सोयीची अशी याहून परिस्थिती नाही. अशा वेळी विद्यार्थ्याला दंश झाल्यास दंशाची जागा कापणे, आवळून बांधणे, मांत्रिकाचा शोध घेणे यांत वेळ न दवडता, तसेच ‘फार दुखत नाही ना, मग सकाळी पाहू’ असे न म्हणता, १०८ क्रमांकावर कळवून वा मिळेल त्या वाहनाने जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे. निघण्यापूर्वी व वाटेत घाम, उलटी आणि हातापायांचा गारवा पाहावा. मुलगा असल्यास आणखी एक प्रश्न विचारावा लागतो आणि तो विचारताना आपलीच जीभ अडखळते, हा प्रस्तुत लेखकाचाही अनुभव आहे. प्रजननसंस्थेचा पाठ वर्गात किती घाईने उरकला जातो, हे आपण सारे जाणतो.

तो प्रश्न इतर मुलांना दूर पाठवून, हळू आवाजात, वर्गात वापरतो त्या संस्कृतप्रचुर शब्दांऐवजी साध्या भाषेत विचारावा : ‘बाळ, लघवीची जागा ताठ झाली आहे का? विंचवाच्या विषाने तसे होते, त्यात तुझी काही चूक नाही.’ उत्तर होकारार्थी आले, तर दंशाची वेळ आणि हे लक्षण सुरू झाल्याची वेळ एका चिठ्ठीवर लिहावी, चिठ्ठी रुग्णाबरोबर द्यावी आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता ती त्यांच्या हाती ठेवावी.